‘तुमी म्हनशिला तसं’चा रकाना

हे आत्ताच्या आत्ता लिहून टाकते, कारण संध्याकाळपर्यंत थांबले तर मी ह्यात स्वतःला शहाणी करून टाकीन आणि मग ते खरं राहणार नाही. सांगलीत शंभर फुटी रस्त्याला आमचं ऑफिस आहे, त्याच्या खाली चहाचा गाडा आहे, तिथं उभी आहे. चहा सांगितलाय, आलेला नाही. दहा मिनिटांपूर्वी वर सरांच्या केबिनमध्ये माझ्या तोंडून एक वाक्य गेलं आणि ते वाक्य कुठल्या रकान्यात बसतं हे मला सांगता येईना. हे वाक्य कुठल्या रकान्यात टाकायचं, यावरनंच तर माझी नोकरी लटकलेली. थांबा, आधीपासून सांगते. टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

माझं काम असं आहे. तिकडं परदेशात लोकांची मतं विचारतात. हो की नाही एवढंच विचारलं तर मशीन मोजतं, पण कधीकधी ‘तुमच्या शब्दांत सांगा’ असं पण विचारतात, आणि मग लोक काय वाट्टेल ते सांगतात. ते सगळं इंग्रजीत होऊन आमच्याकडं सांगलीत येतं. आम्ही एकेक ओळ वाचायची आणि समोर कोड टाकायचा. बाजूने, विरोधात, मत नाही, इतर. एवढे चारच रकाने. दिवसभर तेच.

दर बॅच दोघींकडं जाते. एकीनं काय टाकलं ते दुसरीला दिसत नाही. नंतर सर दोन्ही फायली शेजारी लावतात आणि जिथं जुळत नाही तिथं लाल होतं. माझी जोडीदार मिरजेची आहे, तिच्या घरी तंबोरे बनवतात, आणि ती काम पण तशीच करते, कान लावून, सावकाश. मी फास्ट. मी लंचच्या आधी बॅच संपवून तिच्याकडं बघत बसते आणि ती मान वर न करता म्हणते, "बघू नको गं, माझं हलतंय."

ह्या वेळचा विषय एका छोट्या देशाचा होता. त्याच्या आजूबाजूच्या बऱ्याच देशांनी मिळून एक मोठा संघ केलाय. हा देश बाहेर आहे. तर ह्यानं आत जावं, का बाहेर राहावं, का थोडं आत थोडं बाहेर, असं तिथल्या लोकांना वर्षानुवर्षं विचारत असतात. मला तो देश नकाशात पण सापडला नव्हता, पण चार दिवसांत मला तो आमच्या तालुक्यासारखा ओळखीचा झाला. एक जण म्हणतो, सरहद्दीवर माझा ट्रक तासन्‌तास थांबवतात, जा बाबा आत एकदाचे. बाजूने. एक बाई म्हणते, त्यांच्या दुधाला चव नाही आणि ते आम्हाला दूध कसं काढायचं शिकवणार. विरोधात. एक पोरगा फक्त ‘हाहा’ एवढंच म्हणतो. इतर.

आणि मग हे दुसरे. ‘जे जाणतात ते ठरवतील.’ ‘आम्हाला कोण विचारतं.’ ‘वरचे म्हणतील तसं.’ एक ओळ तर मला पाठ झाली: ‘माझं काय, मी आता म्हातारी झाले, मुलं म्हणतील तसं.’

ह्या सगळ्यांना मी ‘विरोधात’ टाकलं. डोळे झाकून. मिरजेच्या मैत्रिणीनं ह्या सगळ्यांना ‘मत नाही’ टाकलं.

शुक्रवारी सरांनी फाईल उघडली तर माझी बाजू नुसती लाल. सरांचा स्वभाव ओरडण्याचा नाही, ते चष्मा काढतात, तेवढंच. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं की ह्या माणसानं संघात जायला विरोध केलाय असं तुला ह्या ओळीत कुठं दिसलं. मी म्हणाले, "सर, ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणजे नाहीच असतं."

"कुणाकडं?"

"आमच्याकडं."

सर म्हणाले, ते लोक तुमच्या वाडीतले नाहीत, त्यांना नाही म्हणायचं असलं की ते सरळ नाही म्हणतात. मग शांतपणे सांगितलं की माझे तीन महिने पुढच्या आठवड्यात संपतायत, आणि कायम करायचं का नाही ते ह्याच बॅचवर ठरणार. त्या लाल ओळी परत बघायच्या आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत द्यायच्या. बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, "तुला त्या देशात सगळीकडं तुझी काकूच दिसती."

हे तिनं बरोबर ओळखलं होतं. काकूचं तिला मी कधीतरी डबा खाताना सांगितलेलं. आमच्या घरात सहा वर्षांपूर्वी काकांनी गोठा घरामागच्या परड्यातनं काढून रस्त्याकडंला न्यायचा ठरवला. काकूला विचारलं. काकू म्हणाली, "तुमी म्हनशिला तसं." काकांनी दुसऱ्या दिवशी गवंडी आणला. त्यानंतर आठ दिवस काका चहा प्यायचे आणि तोंड कसंतरी करायचे, कारण त्यांच्या एकट्याच्या कपात साखर नसायची. नवव्या दिवशी गवंडी परत गेला. गोठा अजून परड्यातच आहे. तेव्हापासनं मला त्या वाक्याचा अर्थ माहीत झाला असं मी धरून चालले, आणि तोच अर्थ उचलून मी एका अख्ख्या देशाला लावला.

घरी माझ्या नोकरीबद्दल पप्पांशी ठरलेलं असं होतं, की तीन महिन्यांत कायम झाले तर सांगलीतच राहायचं, नाहीतर परत येऊन बी.एड.चा फॉर्म भरायचा. पप्पा फौजेतनं रिटायर आहेत, त्यांच्याशी ठरलं म्हणजे ठरलं. मला बी.एड. करायचं नाही. ते लेकरांना गप्प बसवणं माझ्यानं होणार नाही, मीच गप्प बसत नाही.

शनिवारी लॅपटॉप पिशवीत घालून एसटीनं कराडला आले, तिथनं गाडी बदलून रहिमतपूरला उतरले. पप्पा मोटरसायकल घेऊन आलेले. वाटेत त्यांनी सांगितलं की उद्या सकाळी ग्रामसभा आहे. आमच्या वाडीला लागून जे मोठं गाव आहे ते आता शहरात धरतात, तिथं नगरपंचायत झाली, आणि वाडीनं त्यांच्यात जायचं का आपली ग्रामपंचायत ठेवून वेगळंच राहायचं, ह्याचा ठराव करायचा होता. मी मोटरसायकलवर मागं बसून एकदम सरळ झाले. म्हणजे माझी बॅचच वाडीत आली होती. मी मनात म्हटलं, उद्या वही घेऊन बसायचं. कोण काय बोललं ते लिहायचं आणि नंतर घरी गाठून खरं काय ते विचारायचं. सोमवारी सरांच्या टेबलावर पुरावा.

सभा मारुतीच्या देवळापुढं. आमच्याकडं रीत अशी आहे की सही आधी, विषय नंतर. आलं की पहिल्यांदा हजेरीच्या वहीत सही नाहीतर अंगठा, मग बसायचं. बायका मागं, पिंपळाच्या सावलीत, बापय पुढं. ग्रामसेवकाला सगळे भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेब तरुण आहेत, त्यांच्याकडं चार गावं आहेत, आणि त्या दिवशी त्यांना अजून एका गावाला जायचं होतं.

त्यांनी विषय वाचून दाखवला. वाडी आत गेली तर दिवे येतील, गटार होईल, नळाचं पाणी येईल. घरपट्टी वाढेल. रोजगार हमीची कामं बंद होतील, कारण ती गावाला असतात, शहराला नाही. पत्त्यावर वाडीच्या नावाऐवजी वॉर्ड लागेल. हे सगळं त्यांनी एका दमात वाचलं आणि विचारलं, मग काय करायचं.

मी पेन उघडलं. मग एका पुढाऱ्यासारख्या माणसानं सांगितलं की भाऊसाहेब, तुमी शिकलेली मान्सं, तुमी म्हनशिला तसं. मी लिहिलं: विरोधात. दुसरा म्हणाला, वरनंच ठरलं आसंल तर आमी काय बोलनार. विरोधात. पप्पा उठले, मला वाटलं आता पप्पा फौजीसारखं काहीतरी रोखठोक बोलतील, तर ते म्हणाले, "सगळे म्हणतील तसं," आणि बसले. मी लिहिलं, विरोधात, आणि मला थोडा अभिमान पण वाटला. भाऊसाहेबांनी मागं बायकांकडं बघितलं. बायकांच्यातनं काकू एकटी बोलली, आणि काय बोलली हे सांगायला पाहिजे का. तेच. मी त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

"मग मंजूर धरू का?" भाऊसाहेब म्हणाले.

कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. भाऊसाहेबांनी पेन वहीवर टेकवलं. मी पुढं सरकून त्यांना म्हणाले की ह्यांच्यात कुणीच मंजूर म्हणलेलं नाही. ते वैतागले नाहीत. म्हणाले, "ताई, नामंजूर पण कुणी म्हनलं न्हाई. माझ्याकडं काय ह्याच्यासाठी वेगळा रकाना हाय व्हय?"

तेवढ्यात पुढच्या ओळीतलं एक म्हातारं, जे आतापर्यंत काठीवर हनुवटी ठेवून डोळे मिटून होतं, ते म्हणालं, "आवं भाऊसाहेब, ऊन लय हाय. तहकूब ठिवा."

आणि सगळी सभा एकदम व्हय म्हणाली. पुढचे म्हणाले, मागच्या म्हणाल्या, एक जण तर लांब पानपट्टीवर उभा होता त्यानं पण हात वर केला. एवढं एकमत मी आमच्या वाडीत कधी बघितलं नाही. भाऊसाहेबांनी लिहिलं, विषय पुढील सभेपर्यंत तहकूब, आणि स्कूटरला किक मारली.

मला ते बघून तेव्हाच काहीतरी सुचायला पाहिजे होतं, पण माझं लक्ष वहीकडं. दुपारचं जेवण झाल्यावर मी वही घेऊन निघाले. ज्यांनी ज्यांनी ‘तुमी म्हनशिला तसं’ म्हटलं होतं त्यांना एकेकटं गाठलं. म्हणजे गोठ्यात, ओढ्याकडं, मोटरच्या पेटीपाशी, जिथं दुसरं कुणी ऐकत नाही तिथं.

तो पुढाऱ्यासारखा माणूस खरंच विरोधात निघाला. त्याला वॉर्ड नको होता. त्याच्या पोराची फौजेतली कागदपत्रं वाडीच्या नावावर आहेत, उद्या काय घोटाळा झाला तर कोण निस्तरणार, म्हणाला. मी खूश. वरनंच ठरलं आसंल म्हणणाऱ्याला गाठलं, तर तो हसला आणि म्हणाला की आत गेलं तर लय बरं, त्याच्या रस्त्याकडंच्या गुंठ्यांना भाव येईल. पण हे सभेत म्हटलं असतं तर सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं असतं. मी ‘विरोधात’ खोडलं.

मग पप्पा. पप्पा मोटर चालू करायला निघाले होते. मी विचारलं तर म्हणाले, जायला पाहिजे आत, लाइट पाहिजे, नाली पाहिजे, किती दिवस असं. मी म्हणाले मग उठून बोलला का नाही, तुम्ही तर कर्नलसमोर पण बोलायचा म्हणता. पप्पांनी विहिरीकडं बोट केलं. विहीर आमची आणि भावकीची मिळून आहे, पाण्याच्या पाळ्या वाटलेल्या. भावकी विरोधात.

"कर्नलची न् माजी विहीर येक न्हवती," पप्पा म्हणाले, आणि गेले पाणी सोडायला.

मी दुसऱ्यांदा खोडलं. वहीचं पान घाण झालं होतं. पण मला एक आधार होता, काकू. काकूच्या खाली दोन रेघा होत्या. काकू चुकली तर सगळंच चुकलं.

काकू चुलीपुढं होती, चहा ठेवलेला. मी वही मागं लपवून विचारलं की काकू, सकाळी जे म्हणालीस ते, म्हणजे तुला नको ना जायला तिकडं. काकू म्हणाली, "मला ठावं न्हाई गं."

मी म्हणाले, मला तर सांग, मी कुणाला सांगत नाही.

"खरंच ठावं न्हाई. नगरपंचायत म्हंजी काय, ते कुनी सांगितलंया का आमाला? त्या पोरानं भराभरा वाचलं. न्हाई म्हनलं तर म्हनत्यात बाई आडवी हाय. व्हय म्हनलं न् उद्या वाटुळं झालं, तर म्हनत्यात हिनंच व्हय म्हनलं हुतं. मग काय म्हनायचं?"

"आणि गोठ्याच्या वेळी?"

"गोठ्याचं मला ठावं हुतं," काकू म्हणाली. "ठावं हुतं म्हनून राग आला. ह्याचं काय ठावंच न्हाई, तर राग कशाचा यील?"

तिनं कप पुढं केला. मी घोट घेतला. साखर होती. काकांना पण तोच चहा दिला, त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. मी मुद्दाम बघितलं.

रात्री नाही, दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघाले आणि वाटेत काही सुचलं नाही. खरं तर झोपले. ऑफिसला पोचल्यावर लाल ओळी उघडल्या. सरांचं ऐकून सगळ्यांना ‘मत नाही’ टाकायचं, जुळवायचं, कायम व्हायचं, इतकं सोपं होतं. वीस मिनिटांचं काम. मी पहिल्या चार ओळींना टाकलं पण. पाचव्या ओळीला हात थांबला, कारण तिथं ती म्हातारी होती. माझं काय, मुलं म्हणतील तसं. आता ह्या बाईला ठाऊक होतं आणि राग आलेला, का ठाऊकच नव्हतं, का तिची पण कुणाबरोबर सामायिक विहीर होती. काकूचं मला चहावरनं कळलं. ह्या बाईचा चहा मला दिसत नव्हता.

मग मी जे केलं ते सांगते, आणि ते शहाणपणाचं नव्हतं. अशा सगळ्या ओळींना मी ‘इतर’ टाकलं, आणि शेराच्या जागेत लिहिलं: तहकूब. प्रत्येक ओळीला. तहकूब, तहकूब, तहकूब. शेवटी सरांना एक टीप लिहिली की आपल्या चार रकान्यांत एक पाचवा पाहिजे, आमच्या ग्रामसभेत तो आहे. मैत्रिणीला दाखवलं. तिनं दोन वेळा वाचलं आणि म्हणाली, मला पटतंय, पण माझ्या फायलीत मी ‘मत नाही’च ठेवणार, मला घरी हप्ते आहेत. मी म्हणाले बरोबर आहे. खरंच बरोबर होतं.

फाईल सोमवारी दिली. मंगळवार, बुधवार काही नाही. आज सरांनी बोलावलं.

चष्मा टेबलावर होता, म्हणजे आधीच काढलेला. ते म्हणाले टीप वाचली. म्हणाले की विचार चांगला आहे, पण रकाने तिकडनं ठरून येतात, आपण इथनं वाढवू शकत नाही, तुझ्या ‘तहकूब’ला तिकडं कुणी ओळखत नाही. मी विचारलं मग त्या ओळींचं काय केलं. मैत्रिणीची बाजू धरली, म्हणाले. म्हणजे ती म्हातारी ‘मत नाही’ झाली. तिकडं कुठंतरी एक तक्ता निघणार, त्यात ती तशीच जाणार, आणि तिला हे कधी कळणार पण नाही. मला वाईट वाटलं असं नाही. मी फक्त तिचा नंबर वहीत लिहून ठेवलाय, ओळीचा नंबर, बाकी काय माहीतच नसतं.

मग सर माझ्यावर आले. स्पीड चांगला आहे, म्हणाले, वाचतेस पण नीट, पण जुळत नाही. त्यांनी एक फॉर्म पुढं ओढला. कायम करता येत नाही ह्या महिन्यात. अजून तीन महिने ट्रायल ठेवू, पगार आहे तोच.

"चालेल ना तुला?"

मला बी.एड. दिसलं. पप्पा दिसले, ते म्हणणार की तीन म्हणजे तीन, सहा ठरलं नव्हतं. आणि राग आला होता का? थोडा. पण सर खोटं बोलले नव्हते, माझं जुळलं नव्हतंच. आणि नोकरी गेली नाही म्हणून हायसं वाटलं, ते पण होतंच. आणि तीन महिन्यांनी काय, ते तर मला ठाऊकच नाही.

मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, सर."

सरांनी मान हलवली, फॉर्मवर कुठंतरी बरोबरची खूण केली आणि तो ड्रॉवरमध्ये टाकला. ती खूण कशापुढं केली ते मला उलट्या बाजूनं दिसलं नाही. मी उठून दारापर्यंत आले, आणि तिथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी काय बोलले. काचेच्या पलीकडं मैत्रीण बसलेली, तिनं माझ्या ओठांवरनं वाचलं असणार, कारण तिनं डोकं कीबोर्डवर टेकवलेलं आणि हसून तिचे खांदे हलत होते.

चहा आला. गाडेवाल्या काकांनी विचारलं नाही, नेहमीसारखी साखर घातलीय. पप्पांना अजून फोन केलेला नाही, हे टाकलं की करते.

तर मला एवढंच विचारायचंय. असं तुमच्या तोंडून कधी गेलंय का, ऑफिसात, घरात, सभेत, कुठंपण? आणि समोरच्यानं काय लिहून घेतलं, ते तुम्हाला नंतर कधी बघायला मिळालं का?